लाजेचा व्याजदर

पैसा अवचित यायचा असेल तर मांजरीत त्याला वाटा पुष्कळ आहेत. इथल्या उपबाजारात पालेभाजीचे ढीग लागतात. चार दिवस पावसाने झोडपलं की काल ज्या कोथिंबिरीच्या जुडीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्यासाठी आज व्यापारी एकमेकांचे पाय तुडवतात. दिवाळीच्या तोंडावर उसाचा राहिलेला हप्ता येतो. सरकारी नोकराला वेतन आयोगाचा फरक मिळतो, हडपसरच्या कारखान्यातून बोनस, मगरपट्ट्यातल्या नाहीतर नदीपलीकडच्या खराडीतल्या संगणक कंपनीतून वर्षाचा इन्सेन्टिव्ह. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे गुंठा. ३० जून २०२१ ला मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या रानात उसाऐवजी इमारती उगवायला लागल्या होत्या. एवढ्या वाटांनी पैसा येतो म्हणजे या गावात कुणाच्या डोक्यावर कर्ज नसेल, असं परगावच्या माणसाला वाटेल. तसं नाही. घराचा हप्ता आहे, गाडीचा आहे, सोनं तारण आहे, विकास सोसायटीचं पीककर्ज आहे, पतसंस्थेचं आहे, क्रेडिट कार्डाचं आहे, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने आहेत आणि वाण्याच्या वहीत एक पान आहे. असं असूनही पैसे आले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘मग, काय घ्यायचं?’ ‘कुणाचं द्यायचं?’ हा प्रश्न निघालाच तर रात्री जेवणं झाल्यावर, आवाज खाली आणून.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर एका ओळीचं आहे: ज्या कर्जाचं व्याज सगळ्यांत जास्त, ते आधी फेडा. चौथीतल्या मुलालाही ते कळतं. अडचण अशी की घरचे निर्णय चौथीतल्या मुलाकडे नसतात. माझं म्हणणं असं आहे की आपली घरं कर्जं फेडतात ती व्याजाच्या दराने नव्हे, लाजेच्या दराने. ज्याचं तोंड चुकवावं लागतं त्याचं आधी, ज्याला तोंडच नाही त्याचं शेवटी. या पद्धतीला आपण अडाणीपणा म्हणतो. पण ती अडाणी नाही. तिच्यात एक पक्का हिशेब आहे, फक्त तो चुकीच्या पाटीवर मांडलेला आहे.

दर बघा. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला तीस टक्क्यांची वेसण घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती काढून टाकली. उलट ज्याच्या नुसत्या नावाने मराठी सिनेमात ढग गडगडायचे त्या सावकाराकडे पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली ठरवलेल्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण नसतानाही वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर जाता येत नाही. म्हणजे मिशीवाला सावकार अठरावर थांबतो आणि गुळगुळीत चकचकीत कार्ड बेचाळीसवर पोचतं. पण कार्ड दारात उभं राहून कुणाच्या गाईला हात लावत नाही, त्यामुळे त्याच्यावर सिनेमा निघत नाही. मेहुण्याचा दर शून्य. आता समजा, कार्डावर साठ हजार थकले आहेत, मेहुण्याचेही साठच हजार आहेत आणि साठ हजारांचंच घबाड हाती आलं. दहातली आठ घरं मेहुण्याकडे पेढे घेऊन जातील, असं मी छातीठोकपणे सांगतो. कार्डाचं व्याज मग महिन्याला एकवीसशे, करासकट अडीच हजारांच्या घरात. वर्षभर हे असंच चाललं तर ही लाज जवळजवळ तीस हजारांना पडते. एवढ्या पैशांत मेहुण्याला सहकुटुंब अष्टविनायक घडवून आणता येईल. त्यातलं थेऊर तर मांजरीहून हाकेवर आहे.

लाजेचा हा दर मी कल्पनेतून काढलेला नाही. तो रोज नोटीस बोर्डावर लागतो. मांजरीतल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेत जा. देखभाल खर्च थकवणाऱ्याला वार्षिक एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावायची सोय आदर्श उपविधींत आहे. त्या एकवीस टक्क्यांना घाबरून कुणी धावत आल्याचं ऐकिवात नाही. पण खजिनदाराने लिफ्टशेजारी थकबाकीदारांची यादी चिकटवली, फ्लॅट नंबरासकट, की संध्याकाळपर्यंत निम्मी वसुली होते. त्याच माणसाचा वैयक्तिक कर्जाचा हप्ता दोनदा चुकलेला असतो, पण ती बातमी फक्त त्याला आणि हैदराबादच्या कुठल्याशा कॉल सेंटरमधल्या मुलीला ठाऊक असते. ती मुलगी लिफ्टमध्ये भेटत नाही. शेतकऱ्याचं ‘नवं-जुनं’ हे याहून सुंदर उदाहरण आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माणसं कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर पैसे उचलतात, सोसायटी भरतात, एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलून ते परत करतात. वरवर पाहता हा चोख हिशेब आहे, आणि सवलत टिकते तोवर खराही आहे. पण याच शिवारात मार्चआधी द्राक्षाचे किंवा कांद्याचे चार पैसे जास्तीचे हाती लागले, तर ते शून्य टक्केवाल्या सोसायटीत आधी जातात आणि दीड-दोन टक्के महिन्याने घेतलेलं खासगी देणं तसंच राहतं. कारण सोसायटीचा सचिव गावचा असतो, आणि थकबाकीदाराला सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. उभं राहायचं नसलेल्यालाही ते लागतं.

इथे एक आक्षेप लगेच येतो, आणि तो बहुधा शहरातून येतो: हा सगळा लाजेबिजेचा प्रश्न नाही, लोक उधळे आहेत. पैसा आला की लग्नात घालवतात, बुलेट घेतात, गळ्यात साखळी घालतात. ‘गुंठामंत्री’ हा शब्द पुण्याने एवढ्यासाठीच घडवला. या आक्षेपाचं वय दीडशे वर्षांहून जास्त आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. त्याच सुमाराला पुण्याहून सोलापूरच्या दिशेने लोहमार्ग गेला, मांजरीचं स्टेशन आज ज्यावर आहे तोच, आणि मजुरीचा रोख पैसा खेड्यांत खुळखुळू लागला. मुंबईत तर शेअरचं वेड असं चढलं की अजून समुद्राखाली असलेल्या जमिनीचे कागद लोक एकमेकांना विकत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, १८६५ च्या जुलैत मुंबईचा बाजार बसला. दख्खनच्या शेतकऱ्यावर त्यातच वाढीव सारा आला आणि सावकाराने हात आखडता घेतला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जाचे कागद. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागदांची मात्र होळी झाली.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. साहेब लोकांना आयतं उत्तर तयार होतं की कुणबी लग्नात पैसा उधळतो. आणि त्याच आयोगाने लिहिलं की लग्नखर्चाला उगाच फार महत्त्व दिलं गेलंय. असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षानुवर्षांची बेरीज केली तर त्याच्या स्थितीतल्या माणसाने एवढी हौस करावी यात फारसं वावगं नाही. हे १८७० च्या दशकातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना दिसलं आणि आज कल्याणीनगरच्या बाल्कनीतून दिसत नाही, ही दृष्टीची अधोगती म्हणायची. त्या काळात घबाडाने केलेली खरी खोडी वेगळीच होती. त्याने कुणब्याची पत वाढवली. तेजीत सावकार आपण होऊन दारात आला, घे म्हणाला, आणि भाव पडल्यावर तोच दारात आला, दे म्हणाला. आजही खात्यात फरकाची रक्कम पडते त्याच संध्याकाळी मोबाइलवर निरोप येतो: अभिनंदन, तुमच्यासाठी पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज आधीच मंजूर. आपण कर्ज फेडू शकू एवढे पैसे आपल्याकडे आले, ही बातमी सगळ्यांत आधी कर्ज देणाऱ्यालाच कळते.

उधळेपणा ही कुणा एका जातीची, तालुक्याची किंवा देशाची मिरास नाही, याला अमेरिकेचा दाखला आहे. २००१ मध्ये तिथल्या सरकारने करदात्यांना तीनशे-सहाशे डॉलरचे धनादेश घरपोच पाठवले. संशोधकांनी विचारलं, काय करणार? पैसे मुख्यतः खर्च करणार असं म्हणणारे शंभरातले जेमतेम बावीस निघाले. बाकीचे म्हणाले, शिल्लक टाकू किंवा देणी भागवू, आणि देणी भागवणारेच त्यांत जास्त. मग दुसऱ्या संशोधकांनी त्याच धनादेशांनंतरच्या खर्चाचे आकडे तपासले, तर सहा महिन्यांत जवळपास दोन तृतीयांश रक्कम वाण्या-शिंप्याकडे जाऊन पोचलेली. दोन्ही अभ्यास गंभीर अर्थशास्त्रज्ञांचे आहेत आणि दोन्हींची सांगड कशी घालायची यावर त्यांनी पुष्कळ कागद खर्ची घातला. आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला त्यात कोडं दिसणार नाही. विचारायला आलेल्या परक्या माणसासमोर ‘कर्ज फेडणार’ असंच म्हणायचं असतं, नाहीतर लाज जाते. रिचर्ड थेलर यांना माणूस पैशांचे मनातल्या मनात वेगवेगळे डबे करतो, हे दाखवल्याबद्दलही २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कष्टाचा डबा वेगळा, आयत्याचा वेगळा, आणि आयत्याच्या डब्याचं झाकण नेहमी सैल. बक्षिसाच्या पैशांचं काय करणार, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की होईल तितक्या अविवेकाने खर्च करायचा विचार आहे. एवढी पारदर्शकता आपल्याकडे बोनस घेऊन घरी येणाऱ्या कुठल्याच नवऱ्याला परवडत नाही.

त्यात हे ‘अवचित’ घबाड बऱ्याचदा अवचित नसतंच. राज्य कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पगारात तो दिसला २०१९ मध्ये, आणि मधल्या तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरलं, तोही अनेकांच्या बाबतीत भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात. म्हणजे पैसा हाताला लागायच्या कितीतरी आधी घराला ठाऊक होता. बाजारात तुरी असताना जे घडतं तेच मग घरोघर घडलं. फरक येणार म्हणून फ्रीज आला, फ्रीज आला म्हणून त्याचा हप्ता आला, आणि फरक मात्र निधीच्या खात्यात हात बांधून बसला. यावर मी टीका करणार नाही, कारण यात निदान कल्पनाशक्ती आहे.

आता जे लोक म्हणतात की कर्ज फेडण्यापेक्षा तोच पैसा कामाला लावावा, त्यांच्याकडे वळतो. मांजरीत हे लोक बहुसंख्य आहेत आणि त्यांच्या बाजूला मोठा पुरावा आहे: जमीन. शेजारी मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, बिल्डरला न विकता स्वतःच कंपनी काढून नगर वसवलं आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. हे उदाहरण इथे चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितलं जातं, आणि सांगणारा पुढच्याच वाक्यात फुरसुंगीकडच्या एका गुंठ्याचा विषय काढतो. मगरपट्ट्याच्या गोष्टीत सगळ्यांनी मिळून विकायचं टाळलं, हा मुद्दा त्याच्या हाती लागलेला नसतो. त्याला फक्त भाव दिसतो. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. सातबाऱ्यावर नाव सामाईक, रस्ता तोंडी, आणि नियमित होईल की नाही हे पुढच्या सरकारवर. हा गुंठा वर्षाला नक्की बेचाळीस टक्क्यांनी वाढेल, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एजंट मिळाला तर जरूर घ्या. कारण कार्डावरचं देणं फेडण्याचा परतावा निदान तेवढा आहे, शिवाय हमखास, करमुक्त आणि बिनदलालीचा. सोन्याचंही तेच. सोनं चांगलंच आहे, पण तारण ठेवलेलं सोनं सोडवायच्या आधी नवं सोनं घेणं म्हणजे आपलीच पाटली पतसंस्थेत अडकवून वर दुसरी घालून मिरवणं.

घराच्या कर्जाचा प्रश्न जरा वेगळा आहे, आणि इथे व्याजदरवाल्यांनाही थोडं थांबायला हवं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी तीस लाख घेतले, तर हप्ता सव्वीस हजारांच्या थोडा वर बसतो, आणि पहिल्या हप्त्यातले एकवीस हजार अडीचशे नुसते व्याजाचे असतात. मुद्दलाच्या वाट्याला पाच हजारही येत नाहीत. अगदी सुरुवातीला एक लाख जास्तीचा भरला आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज साडेएकोणीस महिने आधी संपतं, म्हणजे एका लाखाच्या बदल्यात चार लाखांहून अधिक व्याज वाचतं. बदलत्या दराच्या गृहकर्जाचे पैसे मुदतीआधी भरले म्हणून बँकांनी दंड घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. तरीही लोक भरत नाहीत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. वीस वर्षांनंतरचे साडेएकोणीस महिने कुणी पाहिलेत? पेढे ठेवायला ते कुठे दिसत नाहीत. मेहुण्याचं देणं संपलं की संपलेलं दिसतं. शिवाय हातात रोख असण्याला किंमत आहे: दवाखान्याचा खर्च निघाला की बँक मुदतीआधी भरलेले पैसे परत देत नाही, आणि मग पुन्हा कार्डच निघतं. तेव्हा साडेआठ टक्केवालं कर्ज वाट पाहू शकतं, चार महिन्यांचा खर्च बाजूला राहू दे, हे मला पटतं. बेचाळीस टक्केवालं मात्र वाट पाहताना खात असतं.

मेहुण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही फेटाळून चालत नाही. शून्य टक्के हा दर कागदावरचा. प्रत्यक्षात हातउसन्याचं व्याज सणासुदीला वसूल होतं: बारशात कोण कुठे बसलं, कुणाला आग्रहाची दुसरी पोळी वाढली, ‘सध्या अडचणीत दिसतात’ हे वाक्य कुणी कुणाला कुठल्या आवाजात सांगितलं. हा खर्च खरा आहे, आणि तो मोजणारं कुठलंही गणकयंत्र अजून निघालेलं नाही. म्हणूनच लाजेचा दर अडाणी नाही, असं मी आधीच म्हटलं. पण या हिशेबात एक भोक आहे. मेहुण्याला थांबवता येतं. ‘दाजी, कार्डाचं फेडतो, तुमचं संक्रांतीला देतो’ म्हटलं तर तो दोन दिवस गप्प राहील, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या कार्डाचं काय करावं हे विचारायला फोन करेल. त्याच्यासमोर लाज एकदाच जाते. कार्डाला मात्र काहीही सांगता येत नाही, कारण ऐकायला तिथे कुणी नाही.

मग करायचं काय? एक उपाय सरकारने आधीच करून पाहिलाय. कोरोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट २०२० मधल्या व्याजावरचं व्याज दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरकारने भरायचं ठरवलं, आणि ५ नोव्हेंबरपर्यंत, दिवाळीच्या ऐन तोंडावर, ते खात्यात जमा करायला सांगितलं. तीस लाखांच्या कर्जाला ते सव्वादोन हजारांच्या आसपास बसलं. पण ते पडलं थेट कर्जखात्यात. मराठी घरांच्या इतिहासातलं हे बहुधा पहिलं घबाड, ज्यावरून कुठेच भांडण झालं नाही, कारण ते कुणी पाहिलंच नाही. साखरपट्ट्याला ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून परस्पर कापून जाते, उरेल ते शेतकऱ्याच्या हाती. शेतकरी त्यावर शिव्या घालतो, पण ते कर्ज फिटतं. तीच सोय शहरी खात्यालाही होऊ शकते. पैसे यायच्या आदल्या दिवशी, ‘काय घ्यायचं’ ही सभा भरायच्या आत, दहातले नऊ हिस्से कार्डाकडे आपोआप वळतील अशी व्यवस्था करायची आणि दहावा हिस्सा बासुंदीसाठी मोकळा ठेवायचा. दहावा का, तर १८७५ च्या आयोगानेसुद्धा हौसेला जागा ठेवली होती, आणि बासुंदी न करता फेडलेलं कर्ज पुढच्या दिवाळीत दुप्पट होऊन येतं, हे अर्थशास्त्रात नसलं तरी स्वयंपाकघरात सिद्ध झालेलं आहे.

ही सोय ज्यांना जमत नाही त्यांनी कार्डाला तोंड द्यावं. म्हणजे खरोखरचं तोंड: थकबाकीचा आकडा, त्याखाली महिन्याचं व्याज, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर, मॅग्नेटखाली. खजिनदाराने लिफ्टशेजारी केलं तेच. यावर घरोघर एकच हरकत येईल हे मला ठाऊक आहे: ‘अहो, पाहुणे येतात. मेहुणा पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतो. त्याने वाचलं तर?’ तर वाचू दे. तो कागद त्याच्यासाठीच लावायचा आहे.